भाचीचा रेडिओ

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एका वस्तूवरून तीन आठवडे चर्चा चालली होती. वस्तू लहान, हाताच्या पंजात मावणारी. विमानातून बोलायचा हातातला रेडिओ, म्हणजे आपण सरसकट ज्याला वॉकीटॉकी म्हणतो तो. माझी भाची, थोरल्या आपाची मुलगी, विमान चालवायला शिकते आहे आणि तिला तो हवा होता. तिचे चाचा शारजाला असतात. ते सुट्टीवर येणार होते, येताना घेऊन येतो म्हणाले. आता कोणता आणायचा एवढंच ठरवायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचणारी घरात मी एकटीच आहे, अशी सगळ्यांची समजूत आहे.

मी जयसिंगपुरात राहते. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उजळाईवाडीहून निघालेलं विमान कधी डोक्यावरून गेलं तर मुलं खिडकीकडे धावतात, आणि मी त्यांना परत बाकावर बसवते, एवढाच माझा विमानाशी संबंध. पण एकदा विषय हातात घेतला की तो तळापर्यंत बघायची सवय आहे. त्या तीन आठवड्यांत जे वाचलं आणि जे ठरलं, ते इथे लिहिते. आपल्या ओळखीतल्या आणखी दोन घरांतली मुलं या मार्गाला लागली आहेत, आणि त्यांच्या आयांनी मला हाच प्रश्न विचारला आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण रेडिओसारखी छोटी वस्तूसुद्धा त्याच पिशवीतून येते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. गोंदिया, धुळे, बारामती, नागपूर कुठेही शिका, सगळा खर्च धरला तर अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. दुल्हाभाईंना व्याजाचं कर्ज नको होतं. त्यांनी ओढ्याकाठची जमीन विकली. ज्या वाफ्यात आपाचं लग्न झाल्यापासून ऊस उभा होता, त्याचे आता उड्डाणाचे तास झाले आहेत. त्यामुळे या घरात 'हौस' म्हणून काही येत नाही. जे यायचं ते उपयोगाचं आहे का, हे आधी विचारलं जातं.

मग शिकाऊ वैमानिकाला हा रेडिओ लागतो कशाला? विमानात तर बसवलेला रेडिओ असतोच.

भाचीचं म्हणणं असं. शिकायचं विमान लहान असतं, बहुतेक ठिकाणी सेस्ना १५२ किंवा १७२. त्याचा आल्टरनेटर बिघडला तर थोड्या वेळाने बॅटरी उतरते आणि रेडिओ मुका होतो. अशा वेळी पिशवीत स्वतःच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ असेल तर निदान नियंत्रकाशी बोलता येतं. अमेरिकेत अनेक शिकाऊ वैमानिक असा रेडिओ बाळगतात. शिवाय जमिनीवर बसून इतरांचं बोलणं ऐकता येतं, कान तयार होतो.

आपाने हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. तिला रेडिओचं काही पडलं नव्हतं. "और इंजन बंद पड्या तो?" एवढंच तिने विचारलं.

याचं उत्तर मला फार आवडलं, म्हणून सांगते. अशा विमानाच्या इंजिनाला ठिणगी देण्याचं काम मॅग्नेटो करतात. ते इंजिनाच्याच फिरण्यावर वीज तयार करतात, बॅटरीवर अवलंबून नसतात. म्हणून विमानातली सगळी वीज गेली, दिवे गेले, रेडिओ गेला, तरी इंजिन चालत राहतं. मुलगी उडू शकते, वळू शकते, उतरू शकते. फक्त बोलू शकत नाही.

आणि न बोलता उतरण्याचीही सोय आहे. ट्रान्सपाँडर चालू असेल तर त्यावर ७६०० हा आकडा लावायचा, म्हणजे रडारवर कळतं की या विमानाचा रेडिओ बंद पडला आहे. जवळ आल्यावर टॉवरमधून दिव्याने खुणा करतात. उडत्या विमानाला स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. वैमानिकाने दिवसा पंख हलवून 'कळलं' म्हणायचं. हे मी आपाला पंख हलवून दाखवलं, तेव्हा ती हसली. त्या दिवसापुरता प्रश्न मिटला.

आता यंत्राकडे येते. मी आयकॉम, याएसू आणि स्पोर्टीज या तीन कंपन्यांच्या रेडिओंची माहिती वाचली. किंमत साधारण दोनशे डॉलरपासून सुरू होते आणि जास्त सोयींचा घेतला तर पाचशे-सहाशे डॉलरपर्यंत जाते. ज्या देशात असा रेडिओ घ्यायला मुभा आहे, तिथे तो कसा निवडावा, तर माझ्या वहीतली टिपणं अशी.

पहिली गोष्ट, विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात आणि तेही एएम पद्धतीने. ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी वॉकीटॉकी बहुतेक एफएम असतात. काहींवर विमानांचं बोलणं ऐकू येतं, पण बोलता येत नाही. सगळ्या जगाने गाणी ऐकायला एफएम घेतलं, मग विमानांनी जुनं एएम का धरून ठेवलं? एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस आवाज दुबळ्या आवाजाला गिळून टाकतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही मिसळून शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. निदान कळतं की आणखी कोणीतरी बोलत होतं. वर्गात दोन मुलं एकदम बोलली की मला दोघांचंही कळत नाही, पण दोघे बोलले हे कळतं. तसंच.

दुसरी, शक्ती. जाहिरातीत पाच वॉट, सहा वॉट असं मोठ्या अक्षरांत लिहितात. तो शिखराचा आकडा असतो. वाहक लहरीची खरी शक्ती दीड-दोन वॉटच्या आसपास असते. पण शक्तीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण या लहरी सरळ रेषेत जातात. जमिनीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज पाच-सहा किलोमीटरवर संपतं. तोच रेडिओ १५०० मीटर उंचीवर नेला तर ते दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे जयसिंगपूरच्या आमच्या गच्चीवरून उजळाईवाडीचा टॉवर गाठणं अवघड, आणि वर आभाळात तेच सोपं.

तिसरी, हेडसेट जोडायची सोय. इंजिनाच्या आवाजात हातातल्या रेडिओचा छोटा स्पीकर ऐकू येत नाही. बऱ्याच रेडिओंना त्यासाठी वेगळी जोडवायर लागते आणि ती नेमकी घरी राहते. स्पोर्टीजच्या पीजे-टू या रेडिओवर हेडसेटचे दोन्ही प्लग थेट बसतात. शिकाऊ माणसाला ही सोय चकचकीत पडद्यापेक्षा मोलाची.

चौथी, बॅटरी. सहा महिने पिशवीत पडून राहिलेला रेडिओ ऐन वेळी उतरलेला निघाला तर तो वीट आहे. म्हणून साध्या पेन्सिल सेलवर चालणारा जादा डबा मिळत असेल तर तो घ्यावा. पाचवी, १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी एका बटणावर हवी. घाबरलेल्या माणसाला आकडे दाबत बसायला लावू नये. बाकी जीपीएस, ब्लूटूथ, व्हीओआरची दिशा दाखवणारी सोय, हे सगळं असलं तर चांगलं. ८.३३ किलोहर्ट्झचं अंतर युरोपात लागतं, इकडे शिकणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

इतकं लिहून झाल्यावर मी चाचांना फोन करणार होते. पण एक शेवटची गोष्ट तपासायची राहिली होती. हा रेडिओ आपल्या देशात आणता येतो का?

तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, ऐंशीच्या दशकापर्यंत घरातल्या साध्या गाणी ऐकायच्या रेडिओलाही परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची, छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. आमच्या अब्बांनी ते पुस्तक बरीच वर्षं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. तो परवाना गेला, पण त्यामागचा विचार गेला नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार वायरलेस यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, तरी मूळ तत्त्व तेच राहिलं: सरकारने सूट दिलेली यंत्रं सोडली तर बाकी रेडिओ यंत्र जवळ ठेवायला परवानगी हवी. परदेशातून आणायचं तर त्याची परवानगी वेगळी.

सूट कशाला आहे? २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना परवान्यातून मोकळं केलं. दुकानात, लग्नाच्या मंडपात वापरायचे जे असतात ते. विमानाचा पट्टा त्यात नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांसाठी खास मार्गदर्शक सूचनाही काढल्या, की परवाना लागणारे वॉकीटॉकी तसं न सांगता विकू नयेत. म्हणजे एखादी वस्तू मोबाइलवर बोट लावून दारात येते, म्हणून ती ठेवायला मुभा आहे असं नाही.

भाचीने यावर मुद्दा काढला. "पण खाला, मी रेडिओची परीक्षा देणारच आहे ना?"

मुद्दा चांगला होता. वैमानिकाला आरटीआर नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ती दूरसंचार खात्याचा वायरलेस विभाग घ्यायचा. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, डीजीसीएकडे आलं. पण हा परवाना बोलण्याचा आहे. विमानातल्या रेडिओ यंत्राचा परवाना वेगळा असतो आणि तो विमान चालवणाऱ्या संस्थेच्या नावे असतो. गाडी चालवायचं लायसन्स असलं म्हणून कुणाची विनानोंदणीची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तसंच हे. हौशी हॅम रेडिओचाही परवाना मिळतो, त्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते आणि ती जरूर द्यावी. पण त्या परवान्यावर विमानाच्या पट्ट्यात बोलता येत नाही.

तेव्हा मी ठरवलं, नको. चाचांना तसं कळवलं.

पण इथे गोष्ट संपली नाही. दोन दिवसांनी भाचीचा फोन आला. आवाज जरा कडक होता. "खाला, एक पूछूँ? तुम डरके नको बोलते क्या?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण तिने जे विचारलं ते आमच्या घरात बोललं गेलं होतं, फक्त तिच्यासमोर नाही. दुल्हाभाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आपल्या नावाच्या पोरीच्या बॅगेत वॉकीटॉकी? स्टेशनवर कुणी उघडून बघितली तर?" त्या वाक्यानंतर खोलीत कोणी काही बोललं नव्हतं. हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं, तिथे ते समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात कधी उच्चारलंच गेलं नाही, त्या घरातल्या माझ्या वाचकांना एवढंच सांगते, की हे रडगाणं नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन निघावं तसा तो हिशेब असतो. आम्ही तो करतो आणि कामाला लागतो.

तरीही भाचीचा प्रश्न योग्य होता. कायदा म्हणून नको आणि भीती म्हणून नको, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ती एकमेकांत मिसळली की मुलांना वाटतं, आपल्याला सगळंच नावामुळे नाकारलं जातं. किंवा उलट वाटतं, की नियम म्हणजे नुसता मोठ्यांचा भित्रेपणा. दोन्ही समजुती घेऊन मूल मोठं झालं तर कठीण.

म्हणून मी तिला गोव्याची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंच्या सामानात गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवायचं छोटं यंत्र सापडलं. डोंगरात हरवलं तर मदत मागायला लोक ते जवळ ठेवतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ते चालत नाही. त्यांना ताब्यात घेतलं गेलं. नाव, धर्म, पासपोर्ट यातलं काही कामाला आलं नाही. नियम त्यांनाही होता, तुलाही आहे, कोल्हापूरच्या एखाद्या पाटलांच्या मुलालाही आहे. या कारणासाठी मी नको म्हणते, आणि हे कारण पुरेसं आहे.

"और दूसरा कारन?" तिने विचारलं.

दुसरं कारण खोटं नाही, असं मी म्हणाले. त्याच पिशवीसाठी कुणाला दहा मिनिटं खुलासा करावा लागेल आणि कुणाला दहा दिवस, हे तुझ्या अब्बांना ठाऊक आहे. पण ते कारण मी निर्णयात धरलेलं नाही. उद्या कायद्याने मुभा दिली, तर जमिनीच्या पैशातून नाही, माझ्या पगारातून तुला चांगल्यातला चांगला रेडिओ घेऊन देईन, आणि तो पिशवीत लपवून नाही, कमरेला लावून फिर. ती गप्प झाली. पटलं की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्यानंतर तिने विषय काढला नाही आणि चिडूनही बसली नाही.

आता रेडिओ नाही, तर कान तयार कसा करायचा? इथे मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर आले.

रेडिओवरचं इंग्रजी हे वेगळंच प्रकरण आहे. तीनला 'ट्री' म्हणतात, पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर'. मुलांना हसू येतं. पण त्यात शहाणपण आहे. खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, म्हणून दोन्हींची शेपटं बदलली. आपल्याला हे नवीन नसावं. मराठीत 'जर'मधला ज वेगळा, 'जिल्हा'मधला ज वेगळा. उर्दूत तर एका नुक्त्याचा फरक, जलील म्हणजे थोर आणि ज़लील म्हणजे अपमानित. वीस वर्षं मी मुलांच्या जिभेवर हा नुक्ता बसवते आहे. आकाशात त्याचीच किंमत माणसांच्या जिवात मोजतात.

२७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांवरच्या टेनेरीफ विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. डच विमानाने आपण टेकऑफला आहोत अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. नियंत्रकाला वाटलं, ते तयार उभे आहेत. प्रत्यक्षात ते निघाले होते. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचं विमान 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' सांगत होतं आणि नियंत्रक 'थांबा' म्हणत होता. दोघे एकदम बोलले. डच वैमानिकांना ऐकू आली ती फक्त शिट्टी. तीच एएमची शिट्टी, जिच्याबद्दल मी वर लिहिलं. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक आला.

२५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. ७३ जण गेले. इंधन संपत आलं आहे असं वैमानिक सांगत होते, पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, 'मेडे'ही म्हटलं नाही. नियंत्रकाला ती अडचण वाटली, संकट वाटलं नाही. मी आपल्या मुलींना 'ज़रा', 'जमलं तर', 'मेहरबानी करके' म्हणायला शिकवते आणि ते चांगलंच आहे. पण काही ठिकाणी ठरलेला एकच शब्द, स्पष्ट, तीनदा म्हणावा लागतो. मदत मागताना आवाज खाली घेण्याची सवय आपल्या मुलींमध्ये जरा जास्तच असते, हे वर्गात रोज दिसतं.

तिसरी गोष्ट आपल्याच देशातली. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४ हजार फुटांवर जाणार होतं, उतरणारं कझाक विमान १५ हजारांवर थांबणार होतं. कझाक विमान त्याखाली आलं. ३४९ माणसं गेली. सौदी विमानात रोजगारासाठी निघालेले आपले लोक मोठ्या संख्येने होते. कझाक विमानात इंग्रजी बोलायचं काम रेडिओवाल्या कर्मचाऱ्याकडे होतं, वैमानिकांची भिस्त त्याच्यावर. पुढे जागतिक विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीची पातळी ठरवून दिली आणि २००८ पासून ती लागू झाली. भाचीलाही किमान चौथी पातळी गाठावी लागणार आहे.

या तिन्ही गोष्टींत रेडिओ बिघडला नव्हता. चांगल्यातलं चांगलं यंत्र होतं. अडलं ते बोलण्यात आणि ऐकण्यात.

म्हणून आता दर जुम्याला, मगरिबनंतर, आम्ही दोघी फोनवर बसतो. मी टॉवर, ती विमान. माझ्यापुढे उजळाईवाडीच्या धावपट्टीचा हाताने काढलेला नकाशा. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तयार झालेली ती जागा. धावपट्टीला एका बाजूने ०७ म्हणतात आणि दुसऱ्या बाजूने २५, म्हणजे दिशा ७० आणि २५० अंश, शेवटचं शून्य काढलेलं. मी वाऱ्याची दिशा सांगते, दाब सांगते, उंची सांगते. तिने सगळे आकडे जसेच्या तसे परत म्हणायचे. याला रीडबॅक म्हणतात. ऐकलं एवढं पुरत नाही, जे ऐकलं ते म्हणून दाखवायचं. मदरशात उस्ताद सबक परत म्हणून घेतात, शाळेत मी पाढे म्हणून घेते, तीच रीत. मधूनच मी मुद्दाम चुकीची उंची सांगते. तिने थांबवून पुन्हा विचारलं तर गुण, मुकाट 'रॉजर' म्हटलं तर शून्य. सुरुवातीला ती मला अडवायला कचरायची. खालाला कसं टोकायचं? आता बेधडक 'से अगेन' म्हणते.

आमच्या जुम्याच्या तासांत एकदा मी तिला हिजाब इम्तियाज़ अली यांच्याबद्दल सांगितलं. उर्दू शिकणाऱ्यांना त्यांच्या स्वप्नाळू कथा माहीत असतात. हैदराबादेत जन्मलेल्या, पुढे लाहोरच्या, 'अनारकली' नाटक लिहिणारे इम्तियाज़ अली ताज यांच्या पत्नी. या बाईंनी १९३६ मध्ये लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना मिळवला. आज लाहोरचं नाव काढलं तरी लोक दचकतात, पण तेव्हा देश एकच होता. भाचीने विचारलं, त्यांच्याकडे रेडिओ कोणता होता? मी म्हणाले, त्या काळच्या क्लबांच्या लहान विमानांत रेडिओ नसायचाच बहुतेक. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं तेव्हाही त्या छोट्या पुस मॉथमध्ये रेडिओ नव्हता. खाली बघायचं, नदी ओळखायची, रूळ ओळखायचे.

चाचा रिकाम्या हाताने आले नाहीत. त्यांनी हेडसेट आणला, हिरव्या रंगाचा, डेव्हिड क्लार्कचा, साध्या वायरीचा, ब्लूटूथ वगैरे काही नाही. ज्यातून काही प्रक्षेपित होत नाही अशी वस्तू. रोज विमानात तो लागतो, आणि संस्थेचे सामायिक हेडसेट घामाने भिजलेले असतात. जे पैसे रेडिओत जाणार होते ते त्यात गेले आणि रोज वसूल होत आहेत.

हातातल्या रेडिओचं मोल मला कळत नाही असं कुणी समजू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली होता. वीज नाही, मोबाइल उतरलेले. निवारा केंद्रात आम्ही शिक्षक याद्या करत होतो. तेव्हा बचावाच्या बोटींवरच्या जवानांच्या हातातले संचच तेवढे बोलत होते. कुठल्या गावात गरोदर बाई अडकली आहे, कुठे औषध संपलं आहे, ते त्यावरून कळत होतं. नागरिकांना असा संच रीतसर शिकून, परवाना घेऊन सहज वापरता यावा, असं मला मनापासून वाटतं. पूरग्रस्त तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत एक तरी हॅम परवानाधारक शिक्षक असावा. मी स्वतः त्या परीक्षेचं पुस्तक मागवलं आहे. भाची म्हणते, आता तुमचा जुम्याचा तास मी घेते.

ज्या आयांनी मला विचारलं होतं त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलाने तिथला नियम बघून, तिथेच रेडिओ घ्यावा, वरच्या टिपणांप्रमाणे, आणि परत येताना तो तिथेच द्यावा किंवा विकावा. इथे शिकणाऱ्याने घेऊ नये, कुणाकडून मागवू नये, ऑनलाइन दिसला तरी नाही. चांगला हेडसेट घ्यावा. आरटीआरची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी, शेवटी नाही. आणि घरात जो कोणी वाचतो-बोलतो, मग तो उर्दूचा मास्तर का असेना, त्याला टॉवर करून बसवावं.

भाचीची परीक्षा अजून व्हायची आहे. परवा तिने पहिल्यांदाच एकटीने विमान धावपट्टीभोवती फिरवून उतरवलं. आपाला हे उतरल्यावरच सांगितलं, आधी नाही. मला तिने रेडिओवर काय काय म्हटलं ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. 'नायनर' अगदी स्पष्ट होता. दुआ करा.